पिशवीत पाच कामं अर्धी, आणि वर भाचीचं बाळंतपण

पत्राचा गोषवारा : पत्र सांगलीहून, विश्रामबागेतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, शाळेत शिकवतात. विणकाम आईकडून शिकल्या. हात चांगला, त्यामुळे नात्यात कुठे काही निघालं की ‘तू विणशीलच की’ असं सगळे धरूनच चालतात. सध्या पिशवीत पाच कामं अर्धी आहेत. नवऱ्याचा स्वेटर दोन हिवाळे मुंढ्यापाशी (बाही जोडतात त्या जागी) अडलाय. आईची शाल २०१९ च्या महापुरात सामानाबरोबर माळ्यावर गेली ती तिथेच आहे. मैत्रिणीच्या मुलीचा फ्रॉक आहे, जोडी न झालेला एक पायमोजा आहे आणि स्वतःसाठी घेतलेलं क्रोशाचं जाकीट आहे. ‘माझाच कंटाळा, दुसरं काय,’ असं त्या लिहितात. त्यात मोठ्या बहिणीची मुलगी बाळंतपणाला मिरजेला माहेरी आली आहे. तारीख जानेवारीतली. बहिणीने सगळ्यांना सांगून टाकलंय, ‘बाळंतविडा मावशी हाताने विणणार.’ नवरा म्हणतो, ‘आधी हातातलं संपव की, मग नवीन घे.’ मागे भावाच्या मुलाला विणून दिलेला स्वेटर पुण्यात त्यांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत तसाच दिसला, तेही मनात घर करून आहे. ताईंचे प्रश्न दोन : जुनं संपवू की नवीन घेऊ? आणि बाळंतविडा विकत आणला तर मावशीने हात आखडता घेतला असं होणार नाही का?

---

नमस्कार ताई,

पाच कामांची यादी तुम्ही एका दमात दिलीत. शाल का थांबली ते लिहिलंत, बाकीच्या चारांपुढे मात्र कंटाळा एवढंच कारण. मला ते पटलं नाही. शाळेच्या वह्या, सासूबाईंची पथ्यं, मुलांच्या परीक्षा हे सगळं उरकून जी बाई रात्री साडेनऊला सुया हातात घेते तिला कंटाळखोर म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं. विणकाम थांबतं ते बहुतेक वेळा एका ठरावीक जागी थांबतं, आणि त्या जागेला कारण असतं.

यजमानांचा स्वेटरच घ्या. पाठ झाली, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आला आणि अडला. मुंढ्यापर्यंतचं काम सरळसोट असतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. समोर मालिका चालू असो की मुलगा पाढे म्हणत असो, हात चालत राहतो. मुंढ्यापासून मोजणं सुरू होतं. दोन्ही कडांना टाके कमी करायचे, किती ओळींनी करायचे ते डोक्यात ठेवायचं, गळ्यासाठी मधले टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे, दोन खांदे वेगवेगळे विणायचे. पाठीशी जुळलं नाही तर शिवताना खांदा ओढला जातो. दिवसभर वर्ग सांभाळून आलेल्या डोक्याला रात्री हे झेपत नाही. तुम्ही ते बाहेर काढलं असेल, टाके मोजायला लागला असाल, मध्येच कुणीतरी हाक मारली असेल, आणि ‘रविवारी बघू’ म्हणून परत ठेवलं असेल. रविवारी पाहुणे. दोन हिवाळे असेच जातात हो.

आता जरा हिशेब मांडू. विणणाऱ्या बायका लोकरीचा हिशेब चोख ठेवतात, वेळेचा कधीच ठेवत नाहीत. मध्यम जाडीच्या लोकरीवर दहा सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. मोठ्या माणसाच्या स्वेटरचा पुढचा भाग ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब धरला तर ११० टाके आणि १८० ओळी होतात. म्हणजे १९,८०० टाके. पाठीचे तेवढेच. दोन बाह्यांचे मिळून ढोबळ वीस हजार. झाले साठ हजार. सरावाच्या हाताने मिनिटाला २५ टाके पडतात असं धरलं तरी हे चाळीस तासांचं काम आहे, शिवण वेगळी. तुम्हाला आठवड्यातून दोन तास मिळत असतील तर एका स्वेटरला पाच महिने लागतात. गणपतीत सुया घेतल्या तर बाह्या शिवेपर्यंत संक्रांत उलटून गेलेली असते आणि सांगलीत दुपारी पंखा लागलेला असतो.

हे आकडे तुम्हाला घाबरवायला दिले नाहीत. याच आकड्यांनी दुसरी बाजूही दिसते. यजमानांच्या पुढच्या भागाच्या आता साठेक ओळी राहिल्या असतील, त्याही कमी होत जाणाऱ्या टाक्यांच्या. म्हणजे पाच-साडेपाच हजार टाके, चार तास. आणि बाह्या हव्यातच कशाला? सांगलीच्या थंडीला बिनबाह्यांचा स्वेटर पुरून उरतो. पहाटे गारठा, अकराला अंगातून काढायचा, अशी आपली थंडी. यजमानांना विचारा. बरेच पुरुष शर्टावर बिनबाह्यांचाच पसंत करतात. गळ्याच्या-मुंढ्याच्या पट्ट्या आणि शिवण धरून हे काम दोन-तीन रविवार सकाळींचं आहे, दोन हिवाळ्यांचं नाही. फक्त सुया हातात घेण्याआधी त्यांच्या छातीचं माप पुन्हा घ्या. दोन वर्षांत माणूस आहे तिथेच राहतो असं नाही, विशेषतः पोटाशी. पाठ झालेली आहे, ती बदलता येणार नाही. पण दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक असेल तर दोन्ही बाजूंना उभी पट्टी विणून जोडता येते आणि ती मुद्दाम केल्यासारखी दिसते.

‘आधी हातातलं संपव’ हे यजमानांचं म्हणणं ऐकायला बिनतोड आहे. पण भात झाल्याशिवाय कणीक भिजवायची नाही असं ठरवलं तर तुमच्या घरी जेवायला रात्रीचे बारा वाजतील. विणणाऱ्या हाताला एका वेळी दोन कामं लागतातच : एक डोक्याचं, एक नुसतं हाताचं. पहिलं सकाळच्या शांत वेळेसाठी. दुसरं मिरजेच्या बसमध्ये, पालकसभेत, सासूबाईंच्या तपासणीला दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. डोक्याचं काम बसमध्ये निघत नाही, आणि हाताचं काम शांत वेळी काढलं तर ती वेळ फुकट जाते. म्हणून दोन असू द्या, फार तर तीन. तीनच्या वर गेली की पिशवी उघडायलाच नको वाटतं, आणि तुमचं नेमकं तेच झालंय.

तेव्हा पिशवी उघडा. एका दुपारी सगळं पलंगावर मांडा आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा : याची वाट कोण बघतंय? तुम्ही पाचही कामं कर्ज असल्यासारखी डोक्यावर घेतली आहेत. माझ्या मते त्यातल्या फार तर दोन कामांची कुणीतरी वाट बघतंय.

फ्रॉकचं उत्तर तुम्हीच पत्रात देऊन ठेवलंय. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा सुरू केला, आता ती शाळेत जाते. तो पूर्ण झाला तरी तिच्या अंगात जाणार नाही. उसवून टाका. उसवायला विणणाऱ्यांचा जीव होत नाही हे मला ठाऊक आहे, पण उसवलेली लोकर वाया जात नाही. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत उसवायचं, चार ठिकाणी सैल दोरा बांधून लड करायची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, न पिळता पंचात दाबून पाणी काढायचं आणि सावलीत दांडीवर टांगायची. खाली एखादा हलका हँगर अडकवला की धागा सरळ व्हायला मदत होते. खऱ्या लोकरीच्या वळ्या बहुतेक जातात. अ‍ॅक्रिलिकच्या थोड्या राहतात, पण पुन्हा विणल्यावर कळत नाहीत. दोन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकच्या लोकरीत तान्ह्या बाळाचे टोपी-मोजे आरामात होतात. रंग बाळाला चालणारा आणि लोकर मऊ असेल तर भाचीसाठी नवीन आणायचीही गरज नाही. मैत्रिणीला मात्र एक फोन करा. ‘तिचा फ्रॉक राहिला गं, आता होणार नाही,’ एवढंच. ती बहुधा विसरूनही गेली असेल.

पायमोज्याची वाट कुणी बघत नाही. पहिला संपला की दुसऱ्यात पुन्हा तेच, म्हणून उमेद जाते. हे जगभरच्या विणणाऱ्यांचं रडगाणं आहे. पुढच्या वेळी दोन्ही एकदमच घाला. एकाच सुईवर दोघांचे टाके, दोन वेगळे गुंडे, ही ओळ झाली की ती ओळ. दोन्ही एकाच दिवशी संपतात आणि माप हमखास सारखं येतं. स्वेटरच्या बाह्यांनाही हीच युक्ती. गोल विणायची सवय असेल तर त्यालाही पद्धत आहे, पण आपल्याकडे मोजे बहुतेक सपाट विणून मागे शिवतात, त्यात हे सोपं पडतं. आत्ताच्या एकट्या मोज्याचं काय करायचं, हे मी तुमच्यावर सोडते. टाकून दिलात तरी माझी हरकत नाही.

क्रोशाचं जाकीट तुमचं स्वतःचं. म्हणून यादीत तुम्ही ते ‘आणि एक ते’ असं शेपटाला जोडलंत. ते मी हाताच्या कामाच्या जागी ठेवायला सांगेन, म्हणजे रोजच्या पर्समध्ये. क्रोशाचं एक बरं असतं, एकच टाका सुईवर असतो, तो सुटला तरी सगळं घसरत नाही. बसमध्ये कंडक्टर आला की ठेवता येतं. त्याला तारीख नाही, मागणी नाही, कुणी ‘झालं का’ विचारत नाही. मुळात विणकाम आवडतं म्हणून तुम्ही करता, हे विसरायला लागलं की असं एक काम हाताशी लागतं.

शालीवर जरा थांबू. ती माळ्यावरून खाली काढा आणि आधी उन्हात झटका. खरी लोकर असेल तर कसर लागलेली असू शकते. बारीक भोकं, घड्यांत भुरकट कण दिसतील. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, दमट वास तेवढा असेल. सुईत टाके इतकी वर्षं अडकून असतील तर त्या ओळीवर वळ पडलेला असेल, आणि सुई लोखंडी असेल तर गंजाचा डागही. त्या दोन-चार ओळी उसवून टाका. त्याच रंगाची लोकर आता मिळेल या भरवशावर राहू नका. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराबरोबर लॉटचाही, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो. रंग तोच असला तरी लॉट बदलला की उजेडात पट्टा दिसतो. त्यापेक्षा वेगळ्या, गडद रंगाची चार बोटं किनार काढून टाके बंद करा. अर्धी शाल म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण मफलर असतो, किंवा खांद्यावर टाकायचं वस्त्र. वयस्कर माणसाला अंगभर शालीपेक्षा ते बरं पडतं, बसता-उठता घसरत नाही, पायात येत नाही.

पण टाके बंद करण्याआधी ती सुयांसकट आईकडे घेऊन जा आणि तिच्या मांडीवर ठेवा. तिनेच तुम्हाला शिकवलंय. बोटं दुखत असतील तर ती सांगेल. दुखत नसतील तर कदाचित म्हणेल, ठेव इथे, मी करते. आईसाठीचं काम आईकडूनच पूर्ण करून घ्यायचं म्हणजे भेट कसली, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या. दुपारी एकट्या बसणाऱ्या बाईच्या हाताला काम मिळणं ही लहान भेट नाही. आणि तिने ‘मला नको बाई आता शाल’ म्हटलं, तर तेही ऐकून घ्या.

हेच ‘विचारणं’ तुमच्या पत्रात मला कुठे दिसलं नाही. बाळंतविड्याबद्दल तुमच्या ताई बोलल्या, यजमान बोलले, तुम्ही मनातल्या मनात बोललात. भाचीला कुणी विचारलं? तिला काय हवंय हे पत्रात एका शब्दानेही नाही. आपण हाताने केलेल्या वस्तूत इतकं काही ओततो की घेणाऱ्याला ती लागणार आहे का, कधी लागणार आहे, हे विचारणं कोतेपणाचं वाटतं. पण विचारलं तर तुमचं निम्मं ओझं कमी होईल असा माझा अंदाज आहे. पहिलटकरणीच्या घरी टोपड्यांचा ढीग पडतो. हातशिवणीची झबली, जुन्या सुती साडीची दुपटी, लंगोट हे कितीही असले तरी कमी पडतं, आणि ते विणायचं नसतंच.

समजा ती म्हणाली, ‘मावशी, तुझ्या हातचं काहीतरी हवंच.’ मग वेळापत्रकाकडे बघा. जानेवारीत जन्मलेल्या बाळाला मिरजेत थंडी मिळणार ती दीडेक महिन्याची. तेवढ्यासाठी एक टोपी, एक जोडी मोजे, फार तर दोन जोड्या. बारीक बेबी लोकर, १२ नंबरच्या सुया, टोपीला ९० च्या आसपास टाके, पन्नासेक ओळी : तीन तास. मोज्यांच्या जोडीला दोन-अडीच. तुमच्या आठवड्याला दोन तासांच्या हिशेबाने तीन आठवडे. एवढं डोहाळजेवणाच्या आतसुद्धा होऊ शकतं. स्वेटर विणायचाच असेल तर तान्ह्या मापाचा अजिबात विणू नका. जेमतेम थंडी सरेपर्यंत तो तोकडा होतो. पुढची थंडी येईल तेव्हा बाळ दहा-अकरा महिन्यांचं असेल, तेव्हा एक वर्षाच्या मापाचा विणा आणि पुढच्या दिवाळीला द्या. तारीख आपोआप एक वर्ष पुढे गेली बघा. ब्लँकेटच्या मोहात मात्र पडू नका. ‘बाळाचं आहे, लहानसं तर आहे’ म्हणत बायका सुरू करतात. पाऊण मीटर चौरस ब्लँकेटला सदतीस हजारांवर टाके लागतात, पंचवीस तास. शिवाय तान्हं बाळ झोपलेलं असताना सैल पांघरूण तोंडावर येऊ नये म्हणून डॉक्टर ते नकोच म्हणतात.

बाळाच्या वस्तूंबद्दल आणखी दोन-चार गोष्टी, कारण दुसऱ्याही मावश्या-आत्या हे वाचत असतील. गळ्याशी नाडी किंवा लांब रिबीन नको. टोपीला बंद हवाच असेल तर आखूड, आणि झोपवताना टोपी काढायची. जाळीदार नक्षी दिसते छान, पण बाळाची बोटं तिच्यात अडकतात. मोज्यांच्या आतून लोंबणारे धागेही बोटांना गुंडाळतात, ते नीट खोचून घ्या. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या असतील तर तिथला कुठलाही कपडा न धुता, उन्हात न घालता बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्यांना त्या गोळ्यांच्या वाफेने त्रास होऊन कावीळ वाढते. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आपल्या आज्या ठेवत होत्याच.

लोकर कसली हेही बघून घ्या. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांना तोटा नाही, जतकडची माडग्याळ मेंढी तर नावाजलेली; पण ती पाळतात मांसासाठी, आणि दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिची घोंगडी चांगली होते. दुकानात बेबी लोकर म्हणून मिळते ती बहुतांशी अ‍ॅक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही. मशीनमध्ये धुता येते, आकसत नाही, बाळ रोज दुधाने माखणार म्हटल्यावर तेच सोयीचं. फक्त घाम शोषत नाही, म्हणून आत सुती झबलं हवं. शिवाय आचेजवळ ती वितळते आणि चिकटते. तुमच्या मोठ्या ताईंकडे धुरी-शेगडीची पद्धत अजून असेल (डॉक्टर आता धूर नको म्हणतात, आणि ते ऐकावं), तर त्या वेळी बाळाच्या अंगावर यातलं काही ठेवू नका. इस्त्री तर या लोकरीला अजिबात करू नये, टाके चपटे होतात ते परत उठत नाहीत. कागद हरवला आणि लोकर खरी की खोटी कळेना, तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरडली तर खरी. वितळून टोकाला कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक.

आता तुमच्या ताईंचं. त्यांनी कौतुकापोटी सांगून टाकलं हे मान्य. पण शब्द त्यांनी दिला, तुम्ही नाही. बारशाच्या आदल्या आठवड्यात ‘झालं नाही गं’ म्हणण्यापेक्षा आत्ताच फोन करा. जास्त समजावत बसू नका. ‘ताई, टोपी-मोजे मी माझ्या हाताने करणार. बाकीचा बाळंतविडा आपण दोघी मिळून मारुती रोडवरून आणू, एक दिवस ठरव.’ यात नकार आहे हे त्यांच्या लक्षातही येणार नाही, खरेदीचं ठरवण्यात त्या गुंततील. मोठ्या बहिणींना काम दिलं की त्या खूश असतात. मी स्वतः मोठी बहीण आहे, म्हणून हे बोलू शकते.

विकत आणलं म्हणजे हात आखडता घेतला, असं कोण म्हणेल याचाही विचार करा. भाची म्हणणार नाही. ताई फार तर एकदा म्हणतील. बारशाला आलेल्या बायका ‘तुम्ही तर विणता ना?’ असं विचारतील, तेव्हा बाळाच्या डोक्यावरची टोपी दाखवायची. जे विणलंय ते दिसतं. जे विणलं नाही त्याची यादी कुणी घेऊन बसत नाही. ती यादी फक्त तुमच्याकडे आहे.

राहिला पुण्याच्या कपाटातला स्वेटर. ते दृश्य लागलं असणार. पण आपल्या घरांतून चांगली वस्तू जपून ठेवायची खोड किती खोल आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या शोकेसमधला कपबशीचा सेट शेवटचा कधी काढलात? तो स्वेटर पिशवीत होता म्हणजे टाकून दिलेला नव्हता. खराब होईल म्हणून घातला नसेल, पुण्यात थंडी पडेपर्यंत मुलगा वाढला असेल, किंवा गळा टोचत असेल आणि वहिनींना सांगायचा संकोच वाटला असेल. यातलं कुठलं ते तुम्हाला मनातल्या मनात कळणार नाही. पुढच्या फोनवर सहज विचारा, ‘त्याला टोचतो का गं? मी गळ्याला सुती पट्टी लावून देते.’ लहान झाला असेल तर म्हणा, दुसऱ्या कुणाला देऊन टाक. दिल्यानंतर तो त्यांचा. त्यांनी घातला की नाही हे तपासायला लागलो तर पाहुण्यांकडे जाणंच अवघड होईल.

आणि हे सगळं मार्गी लागल्यावर, यापुढे कुठलंही काम बाजूला ठेवताना दोन मिनिटं द्या. चिठ्ठीवर लिहा : कुणासाठी, सुईचा नंबर, किती टाके, कितव्या ओळीवर आहे, पुढे काय करायचं. तिलाच गुंड्याचा कागद टाचा, म्हणजे लॉटचा नंबर हाताशी राहतो. आठवड्यापेक्षा जास्त थांबणार असेल तर टाके जाड सुती दोऱ्यावर काढून सुया मोकळ्या करा. सुयाही सुटतात आणि वळही पडत नाही. प्रत्येक काम आपापल्या कापडी पिशवीत, एकाच मोठ्या पिशवीत पाचही नकोत. गुंडे एकमेकांत अडकले की सोडवण्यातच संध्याकाळ जाते आणि विणायचं राहतं. चिठ्ठीवर ‘कुणासाठी’ समोर नाव लिहिता आलं नाही, तर ते काम तुमच्यासाठी आहे असं समजा.

आता हे वाचणाऱ्या, पण स्वतः न विणणाऱ्यांसाठी. विणणारी वहिनी, मावशी, शेजारीण दिसली की ‘मला पण एक करून द्या की’ म्हणणं आपल्याकडे कौतुकाचं समजतात. तुमच्या त्या एका वाक्याला चाळीस तास लागतात. खरंच हवं असेल तर नीट मागा. माप द्या, रंग सांगा, लोकर तुम्ही आणून द्या, आणि ही मागणी होळीच्या सुमाराला करा, दिवाळीला नव्हे. हातात पडल्यावर टोचत असेल, घट्ट होत असेल तर तिथल्या तिथे सांगा. विणलेलं दुरुस्त करता येतं. आणि नको असेल तर ‘नको’ म्हणा, तिच्या सुयांना टाके पडायच्या आत.